एमईचा रिसर्च सेमिनार पहिल्यांदाच करताय? सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवाल्यांसाठी पायरी पायरीने

मी कोपरखैरण्याची. बीई झाल्यावर चार वर्षं महापेला टेस्टिंगची नोकरी केली आणि मग नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात एमईला अ‍ॅडमिशन घेतली. टाइमटेबलवर रिसर्च सेमिनार लिहिलेला दिसला तेव्हा वाटलं हे तर बीईला केलंय, एक टॉपिक घ्यायचा, पंधरा स्लाइड बनवायच्या, थँक्यू म्हणायचं, झालं. तसाच केला. सातव्या मिनिटाला मॅडमनी थांबवलं आणि एकच प्रश्न विचारला, "हे त्यांना कसं कळलं?" मी स्लाइडवर लिहिलं होतं की अमुक पद्धतीने बग जास्त सापडतात. रिसर्च पेपरात होतं म्हणून लिहिलं होतं, पण पेपरवाल्यांनी ते कशावरून लिहिलं हे मी बघितलंच नव्हतं. उरलेली तेरा मिनिटं फार अवघड गेली.

पुढचे दोन सेमिनार चांगले झाले, आणि आता ज्युनिअर्स विचारायला येतात तेव्हा प्रत्येकाला तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. मार्कांची विभागणी, रिपोर्टची पानं, किती प्रती हे सगळं कॉलेजप्रमाणे बदलतं, ते डिपार्टमेंटला विचारा. काम कसं करायचं ते मात्र सगळीकडे जवळपास सारखंच आहे, आणि मॅडमचा तो प्रश्न सतत डोक्यात ठेवलात तर निम्मी वाट तिथेच सरते.

१. आधी विचारा: तुमचा सेमिनार कुठल्या प्रकारचा आहे

दोन प्रकार असतात आणि लोक पहिल्याच आठवड्यात इथे गोंधळतात. एकात दर आठवड्याला सगळा वर्ग एकच पेपर वाचून येतो, एक जण मांडतो आणि बाकीचे त्यावर बोलतात. दुसऱ्यात तुम्ही एकटे एक विषय घेता, पाच-दहा पेपर वाचता, रिपोर्ट लिहिता आणि शेवटी गाईड आणि एक्स्टर्नल म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर उभे राहता. आमच्याकडे दोन्ही होते, पहिला प्रकार अंतर्गत मार्कांसाठी आणि दुसरा सेमिस्टरच्या शेवटी.

पहिल्या दिवशीच विचारून लिहून ठेवा: बोलायला किती मिनिटं, प्रश्नांना किती, सिनॉप्सिस म्हणजे विषयाच्या थोडक्यात आराखड्याची तारीख काय, किती पेपर वाचलेले दिसायला हवेत, स्वतः काही चालवून दाखवायचंय का, सिमिलॅरिटी म्हणजे दुसरीकडच्या मजकुराशी जुळणारा भाग किती टक्क्यांपर्यंत चालतो. मागच्या बॅचचा एखादा चांगला रिपोर्ट लायब्ररीत बघायला मिळतो का तेही विचारा. फक्त बघायला बरं का. त्यातला मजकूर उचलला तर सिमिलॅरिटी तपासणारं सॉफ्टवेअर लगेच पकडतं, कारण तो रिपोर्टही तिथे जमा झालेला असतो.

२. काय काय जवळ ठेवायचं

कागदपत्रं:
- गाईडचं संमतिपत्र, सहीसकट
- सिनॉप्सिस, एक किंवा दोन पानी, विषय मंजूर झाल्याच्या सहीचा
- लॉगबुक, प्रत्येक भेटीची तारीख आणि गाईडची सही असलेलं
- सिमिलॅरिटी रिपोर्ट, बहुतेक लायब्ररीतून मिळतो
- ब्लॅक बुकच्या म्हणजे बाइंडिंग केलेल्या रिपोर्टच्या प्रती, सर्टिफिकेटच्या पानासकट

लॉगबुकच्या सह्या त्या त्या वेळीच घ्या. शेवटच्या आठवड्यात अख्ख्या सेमिस्टरच्या सह्या मागायला गेलं की गाईडही अवघडतात आणि आपणही, त्यात ते परीक्षेचे पेपर तपासायच्या ड्यूटीवर असले तर भेटतही नाहीत.

टूल्स सगळी फुकटची आहेत. पेपर आणि संदर्भ सांभाळायला झोटेरो. रिपोर्ट टाइप करून मांडायला लाटेक, लॅपटॉपवर इन्स्टॉल करायचं नसेल तर तेच ब्राउझरमध्ये चालवणारं ओव्हरलीफ. कोड आणि नोंदींमधला प्रत्येक बदल जपायला गिट. जुने प्रोजेक्ट त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरसकट वेगळ्या डब्यात चालवायला डॉकर. आणि एक साधी दोनशे पानी वही, ही सगळ्यात महत्त्वाची, का ते पाचव्या पायरीत सांगते.

३. विषय नको, प्रश्न शोधा

"एआय इन सॉफ्टवेअर टेस्टिंग" हा विषय नाही, ते नुसतं मोकळं मैदान आहे. "क्लाउड", "अजाइल", "डेव्हऑप्स" यांचंही तेच. असा विषय घेतला की वीस पेपरांचे वीस सारांश एकाखाली एक येतात आणि शेवटी काय कळलं ते सांगता येत नाही. विषय तेव्हाच तयार झाला म्हणा जेव्हा तो प्रश्नचिन्हाने संपतो.

माझं उदाहरण देते. नोकरीत असताना सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे फ्लेकी टेस्ट. कोडमध्ये काहीच बदललेलं नसतं आणि तीच टेस्ट सकाळी पास होते, दुपारी फेल, परत रन केली की परत पास. आम्ही रीरन मारून पुढे जायचो. म्हणून विषय ठरवला "फ्लेकी टेस्टिंग", मग गाईडबरोबर बसून तो झाला "टेस्ट फ्लेकी का होतात?", आणि पेपर वाचता वाचता शेवटी झाला "फ्लेकी टेस्टच्या कारणांचे आकडे वेगवेगळ्या पेपरांत इतके वेगळे का येतात?" हा तिसरा प्रश्न सेमिनारच्या मापाचा आहे, कारण चार-पाच पेपर नीट वाचून त्याचं उत्तर देता येतं.

नोकरी केली असेल तर तिथे जे खटकायचं तिथूनच सुरुवात करा. केली नसेल तर बीईच्या प्रोजेक्टमध्ये कुठे अडलात ते आठवा. दोघांचा कोड मर्ज करताना म्हणजे एकत्र करताना झालेली भांडणं, कुणीच न वाचलेलं डॉक्युमेंटेशन, एक लायब्ररी अपडेट केली आणि सगळं कोसळलं तो दिवस, या प्रत्येकावर कुणीतरी संशोधन केलेलं आहे.

ते संशोधन कुठे येतं हे माहीत हवं. सगळ्यात मोठी कॉन्फरन्स म्हणजे आयसीएसई, १९७५ पासूनची. मग एफएसई, एएसई, टेस्टिंगसाठी आयएसएसटीए आणि आयसीएसटी, गिटहबसारख्या कोड ठेवायच्या साइटवरचा डेटा खणणाऱ्यांसाठी एमएसआर. जर्नलमध्ये आयट्रिपलई आणि एसीएम या दोन मोठ्या व्यावसायिक संस्थांची, आयट्रिपलईचं ट्रान्झॅक्शन्स ऑन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, एसीएमचं टोसेम, आणि एम्पिरिकल सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. आपल्याकडे भारतात आयसेक ही कॉन्फरन्स होते, २००८ पासून, तिथले पेपर वाचायला तुलनेने सोपे जातात आणि भारतातल्या कंपन्यांची उदाहरणंही कधी कधी मिळतात. या सगळ्यांचे मागच्या तीन वर्षांचे कार्यक्रम साइटवर असतात. नुसती शीर्षकं वाचा, एका संध्याकाळचं काम आहे, आणि ज्या शीर्षकापाशी थांबावंसं वाटेल ते लिहून ठेवा.

४. पेपर शोधायचे कसे आणि मिळवायचे कुठून

एक चांगला पेपर मिळाला की त्याच्या दोन्ही बाजूंना चालत जा. मागे म्हणजे त्याने कुणाचे संदर्भ दिलेत ते, पुढे म्हणजे त्याचा संदर्भ नंतर कुणी दिला ते, हे गुगल स्कॉलरवर "सायटेड बाय" दाबलं की दिसतं. याला स्नोबॉलिंग म्हणतात. एखाद्या लेखकाचं सगळं काम एका जागी बघायचं असेल तर डीबीएलपी ही पेपरांची सूची देणारी साइट. पीएचडीचे प्रबंध शोधगंगावर असतात, तिथे दुसरं प्रकरण म्हणजे साहित्याचा आढावा बघा, तयार नकाशा मिळतो.

आता पैशांचं. वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही जर्नल वाचायला मिळण्याची सरकारी योजना २०२५ पासून सुरू झालीय, पण ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे आणि आपल्या ठाणे-नवी मुंबईतली बरीचशी इंजिनिअरिंग कॉलेजं खासगी. तुमच्या लायब्ररीने आयट्रिपलई घेतलंय की नाही ते लायब्ररियनना विचारा. खूपदा घेतलेलं असतं पण घरून उघडायचा पासवर्ड वेगळा मागून घ्यावा लागतो आणि तो कुणी मागतच नाही. एसीएमने १९५१ ते २००० मधले आपले पेपर २०२२ ला सगळ्यांसाठी मोकळे केले, म्हणजे जुने पायाचे पेपर तर नक्की मिळतात. नव्यांसाठी आधी लेखकाचं स्वतःचं पान आणि मग आर्काइव्ह (arXiv) ही पेपर मोफत ठेवायची साइट बघा, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवाले बहुतेक जण तिथे प्रत ठेवतात. नाहीच मिळाला तर लेखकाला चार ओळींचं मेल करा. मी दोनदा केलं, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी पीडीएफ आली आणि एकांनी तर डेटाची लिंकही दिली. कुठल्या तरी संशयास्पद साइटवरून उतरवत बसू नका, सरळ मागितलं की मिळतं.

सुरुवातीला पंधरा-वीस गोळा करा. नीट वाचायचे त्यातले चार-पाचच.

५. वाचन (घाई करू नका, खरा सेमिनार इथेच होतो)

एस. केशव यांनी २००७ साली पेपर कसा वाचावा यावर दोन पानांचं लिहिलंय, तीन फेऱ्यांची पद्धत, आणि ती खरंच चालते. पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटं, शीर्षक, सारांश, प्रस्तावना, मथळे आणि शेवट. दुसऱ्या फेरीत तासभर, आकृत्या आणि तक्ते नीट बघायचे, सिद्धता वगैरे सोडून द्यायच्या. तिसऱ्या फेरीत पेपर मनात पुन्हा पहिल्यापासून रचायचा, नवख्याला याला चार-पाच तास लागतात. ठाण्याहून वाशीला लोकल साधारण अर्धा तास घेते, बसायला जागा मिळाली तर तेवढ्यात तीन पेपरांची पहिली फेरी होते, मी तशीच केली. तिसऱ्या फेरीला मात्र शांत जागा हवी. घरी होत नसेल तर ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातलं ग्रंथालय बघा.

आता वही. प्रत्येक पेपरासाठी एक पान, आणि पानावर सगळ्यात वर एक वाक्य मराठीत: या लोकांचं म्हणणं काय आहे. मराठीतच, आग्रहाने सांगते. इंग्रजीत लिहायला गेलं की आपण सारांशातलंच वाक्य थोडं फिरवून उतरवतो आणि कळल्यासारखं वाटतं. मराठीत लिहिताना नुसतं फिरवता येत नाही, समजलं असेल तरच लिहिता येतं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, सुरुवातीला मला हे माझं कमीपण वाटायचं, पण उलट याच सवयीमुळे मला पेपर इतरांपेक्षा नीट कळायला लागले.

त्याखाली लिहायचं: डेटा कुठून आणला, किती, कसा निवडला, काय मोजलं, कशाने मोजलं, आणि मला काय पटलं नाही.

इथे आमच्या आण्णांची गोष्ट सांगते, कारण मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यांच्याकडून मिळालं. आण्णा एपीएमसीत मापाडी होते, आयुष्यभर कांदा-बटाटा मार्केटला पोती तोलली. एका रात्री मी दोन पेपर घेऊन बसले होते आणि डोकं चालत नव्हतं. एक २०१४ चा, एफएसईमधला, लुओ आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या ५१ प्रोजेक्टमधले फ्लेकी टेस्ट दुरुस्त करणारे २०१ कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेले बदल, तपासले. सगळ्यात मोठं कारण निघालं असिंक वेट, म्हणजे टेस्ट कुणाच्या तरी उत्तराची वाट बघते पण नीट बघत नाही, ते ४५ टक्के. मग कॉन्करन्सी, म्हणजे एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांत अडकणं, २० टक्के. आणि टेस्टच्या क्रमावर अवलंबून असणं, म्हणजे आधीच्या टेस्टने मागे काही ठेवलं म्हणून पुढची फेल, हे फक्त १२ टक्के. दुसरा पेपर २०१९ चा, आयडीफ्लेकीज नावाचा. त्यांना ८२ प्रोजेक्टमध्ये ४२२ फ्लेकी टेस्ट सापडल्या आणि त्यातल्या निम्म्या, ५०.५ टक्के, क्रमावर अवलंबून. १२ कुठे आणि ५० कुठे. मला वाटलं एकाचं चुकलंय.

आण्णांनी विचारलं काय झालं म्हणून, तर मी जमेल तसं सांगितलं. ते म्हणाले, "काटा एकच होता का दोघांचा? आणि माल? एकाने निवडलेला माल तोलला असंल आणि दुसऱ्याने ढिगातला, मग वजन सारखं कसं येईल."

मी परत दोन्ही पेपर उघडले आणि अगदी तेच निघालं. लुओंच्या पेपरात डेव्हलपरने आधीच ओळखलेल्या आणि दुरुस्त केलेल्या टेस्ट होत्या, हा निवडलेला माल. लोक जे त्रास देतं तेच दुरुस्त करतात. आयडीफ्लेकीजने दुरुस्तीची वाट न बघता टेस्ट पुन्हा पुन्हा, क्रम उलटसुलट करून चालवल्या, हा ढीग. आणि क्रम बदलूनच शोधलं तर क्रमाच्या चुका जास्त सापडणारच, काटाच तसा आहे. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. माझा पूर्ण सेमिनार या एका तुलनेवर उभा राहिला.

तेव्हापासून पेपराच्या शेवटी थ्रेट्स टू व्हॅलिडिटी नावाचा, म्हणजे आपला निष्कर्ष कुठे चुकू शकतो ते सांगणारा भाग असतो ना, जो सगळे सोडून देतात, तो मी सगळ्यात आधी वाचते आणि आण्णांच्या भाषेत वाचते. कन्स्ट्रक्ट व्हॅलिडिटी म्हणजे काटा बरोबर आहे का, आपल्याला जे मोजायचंय तेच मोजतोय का. इंटर्नल म्हणजे तोलताना काट्याला कुणाचा हात लागला का, परिणाम दुसऱ्याच कशामुळे तर आला नाही ना. एक्स्टर्नल म्हणजे या ढिगावरून बाकीच्या मार्केटबद्दल बोलता येईल का. कन्क्लुजन म्हणजे एकदाच तोलून सांगताय की पुरेशा वेळा.

काटाच कसा चुकलेला असू शकतो त्याचं एक उदाहरण सगळ्यांनी बघावं. २०१३ च्या आयसीएसईत हर्झिग, जस्ट आणि झेलर यांनी पाच जावा प्रोजेक्टमधले ७,४०१ इश्यू रिपोर्ट, म्हणजे प्रोजेक्टच्या ट्रॅकरवर लोकांनी केलेल्या नोंदी, हाताने वाचून काढले. "बग" म्हणून नोंदवलेल्यांपैकी ३३.८ टक्के बग नव्हतेच, कुणाला नवीन फीचर हवं होतं, कुठे डॉक्युमेंटेशन चुकलं होतं. म्हणजे ट्रॅकरवरचं लेबल खरं धरून कुठल्या फाइलीत बग येतील याचा अंदाज बांधणाऱ्या सगळ्यांच्या काट्यात आधीपासून खोट. बग प्रेडिक्शनवर सेमिनार करणार असाल तर हा पेपर चुकवू नका, एक्स्टर्नल हमखास लेबलांबद्दल विचारतात.

अजून एक सापळा, टक्के कशाचे ते बघा. लुओंना २०१ पैकी १६१ कमिटचंच कारण ठरवता आलं, आणि ते ४५ टक्के त्या १६१ चे आहेत. मी पहिल्या ड्राफ्टमध्ये "२०१ पैकी ४५ टक्के" लिहिलं होतं, गाईडनी पकडलं.

६. थोडं तरी स्वतः चालवून बघा

सक्ती नसली तरी करा. पूर्ण प्रयोग पुन्हा करायची गरज नाही, एक छोटा तुकडा पुरतो. आधी पेपरासोबत कोड आणि डेटा दिलाय का बघा, हल्ली बरेच जण झेनोडो या डेटा ठेवायच्या मोफत साइटवर ठेवतात आणि एसीएमच्या पेपरांवर तसे बॅजही असतात.

मी एक छोटा जावा प्रोजेक्ट घेतला, त्यातल्या टेस्टचा क्रम बदलून रात्रभर चालवत ठेवला आणि सकाळी लॉग वाचले. एक टेस्ट एकटी चालवली की फेल, सगळ्यांबरोबर पास. कारण आधीच्या टेस्टने एक स्टॅटिक व्हेरिएबल, म्हणजे सगळ्या टेस्टना सामाईक असलेली जागा, भरून ठेवलं होतं आणि ही त्याच्या जीवावर पास होत होती. पेपरात वाचलेलं स्वतःच्या स्क्रीनवर दिसलं तेव्हा जे कळलं ते दहा वेळा वाचून कळलं नसतं. याच निमित्ताने गाईडनी सांगितलं की जावा ७ आलं तेव्हा टेस्टच्या मेथडचा क्रम आधीसारखा ठरावीक मिळेनासा झाला आणि वर्षानुवर्षं पास होणाऱ्या टेस्ट अनेकांकडे फेल व्हायला लागल्या, म्हणून जेयुनिट या जावाच्या टेस्टिंग टूलच्या ४.११ व्हर्जनमध्ये क्रम पक्का करायची सोय आली. ही एक गोष्ट मी प्रेझेंटेशनमध्ये सांगितली आणि सगळ्यात जास्त माना तिथेच हलल्या.

यात वेळ कशात जातो ते सांगते. जुने प्रोजेक्ट जुन्या जावावर चालतात, डिपेंडन्सी म्हणजे त्यांना लागणाऱ्या लायब्ररी सापडत नाहीत, दोन-तीन दिवस नुसतं बिल्ड होण्यात जातात, म्हणून डॉकर म्हटलं. गिटहबवरून डेटा घेणार असाल तर टोकन म्हणजे ओळखीची चावी काढा, त्याशिवाय एपीआय (प्रोग्रामने डेटा मागायची सोय) तासाला ६० च रिक्वेस्ट देतं, टोकन असलं की ५,०००. सर्चमध्ये काही केलं तरी १,००० च्या वर रिझल्ट मिळत नाहीत, त्यामुळे तारखांप्रमाणे तुकडे पाडून शोधावं लागतं. आणि गिटहबवरची प्रत्येक रेपो (कोडचं फोल्डर) म्हणजे खरा प्रोजेक्ट नाही, असाइनमेंट असतात, बॅकअप असतात, एक कमिट करून सोडून दिलेल्या असतात. कशा गाळल्या ते लिहून ठेवा. काय चालवलं, कुठल्या व्हर्जनवर, किती वेळा, हे त्याच दिवशी वहीत, दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

७. गाईडकडे जाताना

हात हलवत जाऊ नका. एक पान न्या: गेल्या आठवड्यात काय वाचलं, कुठे अडलं, दोन प्रश्न. "सर पुढे काय करू" विचारलं तर जे सुचेल ते सांगतील, "सर या दोन आकड्यांत फरक का पडतोय, मला असं वाटतंय" म्हटलं तर खरंच बोलायला बसतात. माझे गाईड मधेच बदलले, नवीन मॅडमचा विषय वेगळा होता, आणि तेव्हा ही साठलेली पानंच कामी आली, त्यांना सगळं एका बैठकीत कळलं.

८. रिपोर्ट

प्रश्न, तो का महत्त्वाचा, कुठले पेपर कसे निवडले, त्यांची तुलना, तुम्ही काय चालवलं, मर्यादा. एवढंच. तुलना पेपरांप्रमाणे न लिहिता मुद्द्यांप्रमाणे लिहा, म्हणजे "अमुक यांनी हे केलं, तमुक यांनी ते केलं" अशी रांग नको, "डेटा कुठून आणला" हा एक भाग आणि त्यात सगळे पेपर. वहीतली पानं समोर पसरली की तक्ता आपोआप तयार होतो.

सिमिलॅरिटीबद्दल भीती फार आणि माहिती कमी असते. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत, त्यात १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, १० ते ४० हा पहिला स्तर, ४० ते ६० दुसरा, ६० च्या वर तिसरा, आणि संदर्भसूची मोजायची नसते. कॉलेज याहून कडक असू शकतं. शब्द बदलून टक्के कमी करायच्या मागे लागू नका, त्याने वाक्यांचा अर्थच बिघडतो, मी अशा रिपोर्टमध्ये फ्लेकी टेस्टचं "खवल्यांची परीक्षा" छाप इंग्रजी झालेलं बघितलंय आणि त्या मुलाला ओरलला फार ऐकावं लागलं. पेपर बंद करा, वहीतलं मराठी वाक्य वाचा, आणि त्यावरून आपल्या इंग्रजीत लिहा. टक्के आपोआप खाली येतात.

चॅटबॉटकडून व्याकरण तपासून घ्या हवं तर, कॉलेजची परवानगी असेल तर, पण संदर्भ घेऊ नका. खरे लेखक, खरी कॉन्फरन्स आणि अस्तित्वात नसलेला पेपर असं बेमालूम करून देतात. प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे पेपराचा कायमचा ओळख क्रमांक, उघडून बघायचा, एकही न सोडता.

ब्लॅक बुकचं थोडक्यात: डावीकडे बाइंडिंगसाठी जास्त मार्जिन सोडा, सर्टिफिकेटवरची नावं आणि पदं छापायच्या आधी ऑफिसात दाखवून घ्या, आणि ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढणार असाल तर आलेखातल्या रेघा रंगाने नाही तर तुटक-अखंड अशा वेगळ्या करा. सबमिशनच्या आठवड्यात झेरॉक्सवाल्यांकडे रांग असते, चार दिवस आधी द्या.

९. उभं राहून बोलताना

वीस मिनिटं असतील तर दहा-बारा स्लाइड. अनुक्रमणिकेची स्लाइड नको, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचा इतिहास नको. १९६८ ची गार्मिशची नाटो कॉन्फरन्स, जिथून या विषयाचं नाव रुळलं, महत्त्वाची आहेच, पण समोरच्यांना ती माहीत आहे आणि तुमची तीन मिनिटं त्यात जातात. पहिल्या स्लाइडवर प्रश्न, तोही शक्यतो एखाद्या प्रसंगातून. मी सुरुवात केली ती अशी: रात्री रिलीज आहे, एक टेस्ट लाल झालीय, कोड कुणी बदललेला नाही, तुम्ही काय कराल?

इंग्रजीची धास्ती असेल तर पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन पाठ करा, मधलं वाक्य लहान ठेवून बोला. एखादा शब्द अडला तर थांबा, श्वास घ्या, सोपा शब्द वापरा. घरी मोठ्याने तीन वेळा बोलून बघा, मनातल्या मनात नाही, मनात सगळे वेळेत संपवतात.

मला आणि माझ्या मैत्रिणींना एक्स्टर्नलनी विचारलेले प्रश्न:
- हा पेपर आलाच नसता तर आपल्याला काय माहीत नसतं?
- प्रोजेक्ट हेच का निवडले?
- ओपन सोर्सवरचा हा निष्कर्ष ऐरोली-महापेतल्या एखाद्या कंपनीच्या कोडला लागू होईल का, कशावरून?
- हा टक्का कशाचा?
- तुम्हाला यातलं काय पटलं नाही?

शेवटचा प्रश्न येतोच. "सगळं पटलं" हे उत्तर देऊ नका, वहीतली शेवटची ओळ त्यासाठीच लिहायची असते. आणि येत नसेल तर "हे मी बघितलेलं नाही, पण बघायचं झालं तर असं बघेन" असं म्हणा. माझ्या दुसऱ्या सेमिनारला असं दोनदा म्हणावं लागलं, मार्क कमी झाले नाहीत.

१०. दुसऱ्याच्या सेमिनारला नुसते बसू नका

वाचन-सेमिनारमध्ये श्रोत्यांनाही मार्क असतात पण तेवढ्यासाठी नाही. आदल्या रात्री निदान दोन फेऱ्या वाचून जा आणि एक प्रश्न लिहून न्या. मांडणाऱ्याला अडवायला नाही, त्याला पुढचा विचार करता यावा म्हणून. आधी पेपरात काय चांगलं आहे ते म्हणा, खरंच वाटत असेल ते, आणि मग शंका. आमच्या बॅचला हे जमायला महिना लागला, नंतर मात्र तो तास आठवड्यातला सगळ्यात चांगला तास झाला.

११. "पेपर छापून देतो" म्हणणाऱ्यांपासून सांभाळून

सेमिनार झाला की मेल यायला लागतात, आठवड्यात छापतो, एवढी फी भरा. माझ्या एका वर्गमित्राने पैसे भरले, चार दिवसांत "स्वीकारला" आलं, एकाही रिव्ह्यूअरचा शब्द नव्हता, आणि पुढे मुलाखतीत त्या जर्नलचं नाव सांगायला त्याला अवघड झालं. यूजीसीने केअर ही मान्य जर्नलांची यादी २०२५ ला बंद केली, त्यामुळे आता यादीत आहे का एवढं बघून भागत नाही. संपादक मंडळातले लोक खरे आहेत का, तुम्ही वाचलेल्या चांगल्या पेपरांत या जर्नलचा संदर्भ कधी आलाय का, रिव्ह्यूला किती दिवस लागतात हे बघा. घाई नसेल तर कॉन्फरन्सच्या स्टुडंट ट्रॅकला किंवा वर्कशॉपला पाठवा. नाकारलं तरी रिव्ह्यू हातात येतात आणि ते फुकटात मिळालेलं मार्गदर्शन असतं.

१२. संपल्यावर त्याच दिवशी

कोड, लॉग, वहीच्या पानांचे फोटो, स्लाइड आणि झोटेरोची लायब्ररी एका फोल्डरमध्ये टाकून दोन ठिकाणी ठेवा. एक्स्टर्नलनी विचारलेले प्रश्न घरी जायच्या आधीच लिहून काढा, मी स्टेशनवर लोकलची वाट बघताना लिहिले होते. तिसऱ्या सेमिस्टरला डेझर्टेशनचा विषय द्यायला सांगतात तेव्हा ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला देता आलं नव्हतं तो तिथे लिहिलेला सापडतो. माझा तसाच सापडला.